कंपन्या येतायत हो, पण नळाला पाणी कधी?

प्रश्न: मी वाळूजला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, राहायला सिडकोत. टोयोटा येणार, एथर येणार, जेएसडब्ल्यू येणार म्हणून व्हॉट्सअॅपवर नुसता जल्लोष चाललाय आणि आमच्याकडे नळ आठवड्याने. इंडस्ट्रीतल्या मोठ्या लोकांनी शहरासाठी खरंच काही केलंय, का नुसते सत्कार नि फोटो?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: फोटो तर भरपूर काढलेत. 2010 मध्ये इथल्या लोकांनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या ते आठवतंय ना, शहराचं नाव जगभर झालं, पण त्या गाड्या चालवायच्या कुठल्या रस्त्यांवर हे तेव्हाही लोक हसत हसत विचारायचेच.

पण सगळंच तसं नाही. तुम्ही क्वालिटीत आहात म्हणजे वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर माहीतच असेल, लहान व्हेंडरला एकट्याला न परवडणारी टेस्टिंगची मशिनरी तिथे मिळते, ते सरकारी पैसा आणि इथल्या उद्योजकांची चिकाटी दोन्ही होतं म्हणून उभं राहिलं. खाम नदीचं पण तसंच. छावणीजवळ लोखंडी पुलाखाली नाक दाबून जायचो आपण, तिथे महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक ही इथलीच ऑटो पार्ट्सची कंपनी आणि पर्यावरणावर काम करणारी इकोसत्त्व संस्था यांनी मिळून कचरा काढला, काठ सावरले, आता लोक पोरांना घेऊन फिरायला जातात. नदी पूर्ण स्वच्छ झाली असं कुणी म्हणत असेल तर पावसाळा सोडून एकदा जाऊन बघा, पण फरक पडलाय हे मान्य करावंच लागेल.

माझं म्हणणं विचाराल तर या उद्योजकांची खरी ताकद देणगीत नाहीच, पाठपुराव्यात आहे. आमदार बदलतात, आयुक्त बदलतात, पण सीएमआयए, मसिआ या उद्योजकांच्या संघटनावाले त्याच फाइली घेऊन मुंबईला परत परत जातात, शेंद्रा-बिडकीनची ऑरिक ही औद्योगिक नगरी काही आपोआप नाही आली. आता गंमत अशी की एमआयडीसीला जायकवाडीतून पाण्याची वेगळी लाइन आहे, म्हणजे कंपनीत पाण्याची तेवढी ओरड नसते, आणि ज्याचं अडत नाही तो कशाला भांडेल? शहराची नवी पाणी योजना 2019 ला 1680 कोटींची मंजूर झाली, पुढे खर्च 2740 कोटींवर गेला, आणि विमानतळ, रेल्वे, प्लॉटचे दर यासाठी जेवढा आवाज निघतो तेवढा यासाठी निघाला असं मला तरी वाटत नाही.

त्यात त्यांचाही तोटाच आहे खरं तर. बाहेरून इंजिनिअर आणायचा तर त्याची बायको आधी पाण्याचंच विचारते.

महापालिकेचं काम उद्योजकांनी करावं असं मी म्हणत नाहीये, ते जमणारही नाही आणि मग जाब कुणाला विचारायचा तेही कळणार नाही. पण तुमचे मालक मसिआत असतीलच, तर चहाच्या वेळी सहज विचारा, पाण्याच्या मीटिंगला संघटनेकडून शेवटचं कोण गेलं होतं.