‘उद्यापासून येऊ नको’ म्हटलं, आता नोटीस आलीय

प्रश्न : नमस्कार वकीलसाहेब, इचलकरंजीत माझं प्लंबिंगच्या मालाचं दुकान आहे, गोडाऊन धरून १४ माणसं. ११ वर्षं जुना माणूस नळाचे पितळी कॉक पिशवीत टाकताना कॅमेऱ्यात सापडला, चारेक हजारांचा माल असेल. डोकं फिरलं आणि रात्रीच व्हॉट्सॲपवर ‘उद्यापासून येऊ नको’ टाकलं. आता वकिलाची नोटीस आलीय, कामावर घ्या नाहीतर ग्रॅच्युइटीसकट हिशोब द्या. त्याची सही असलेला कोरा कागद आहे माझ्याकडे, त्यावर राजीनामा लिहिला तर चालेल का?

उत्तर : त्या कागदाला हातसुद्धा लावू नका. तुम्हीच काढल्याचा मेसेज त्याच्या मोबाईलमध्ये तारखेसकट आहे, मग राजीनामा कुठून आला? चोरी राहील बाजूला आणि बनावट कागदाची केस तुमच्यावर होईल.

चोरीसाठी कामावरून काढता येतं हो, पण आधी लेखी आरोपपत्र, त्याचा खुलासा, मग बाहेरच्या माणसाकडून चौकशी, त्यात त्याला फुटेज दाखवायचं, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यायचे, आणि तोवर सस्पेंड ठेवलं तर पहिले ९० दिवस अर्धा पगार द्यायचा. हे काहीच न करता काढलं की माणूस जिंकायची शक्यता वाढते. आणि काढणं बेकायदा ठरलं तर मागच्या पगारासकट परत घेणं हाच सर्वसाधारण नियम, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या केसमध्ये सांगितलंय. केस चार वर्षं चालली तर चार वर्षांचा पगार, तेवढ्यात किती कॉक आले असते बघा.

ग्रॅच्युइटी दहा किंवा जास्त माणसं असली की लागू होते, म्हणजे तुम्हाला आहेच. शेवटचा बेसिक आणि डीए मिळून १८,००० धरला तर त्याला १५ ने गुणा, २६ ने भागा, गुणिले ११ वर्षं, साधारण १ लाख १४ हजार. चोरी केली म्हणून सगळी बुडवता येईल असं बरेच मालक धरून चालतात. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की ग्रॅच्युइटी जप्त करायला फौजदारी शिक्षा झालेलीच पाहिजे असं नाही, पण तिकिटाच्या पैशांत घोळ केलेल्या एसटी कंडक्टरांचीसुद्धा २५ टक्केच कापू दिली, आणि तिथे रीतसर चौकशी झालेली होती. तुमच्याकडे तीच नाही.

माझं मत विचाराल तर मेसेज लेखी मागे घ्या, त्याला सस्पेंड करून आरोपपत्र द्या आणि चौकशी नीट करा. ते नको असेल तर सहायक कामगार आयुक्तांसमोर तडजोड करा, पैसे बँकेतून द्या, रोख नको. प्रकरण लेबर कोर्टात गेलंच तर तिथे पुरावा देऊन चोरी सिद्ध करायची संधी मागता येते, पण ती तुमच्या लेखी जबाबातच मागायची, नंतर आठवून उपयोग नसतो. नोटिशीला मुदतीत उत्तर द्या.

आणि फुटेज आजच पेन ड्राइव्हवर काढून घ्या, डीव्हीआर भरला की जुनं आपोआप पुसलं जातं. कोर्टात त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाकडून करून घ्या.