पडणारच आहेत ना? : लहान मुलांच्या दातांची प्रश्नोत्तरे

पत्रं वेगवेगळ्या गावांहून येतात, प्रश्न मात्र तेच सात-आठ. म्हणून या वेळी एकत्रच उत्तरं देत आहे. इथलं वाचून तपासणी मात्र टाळू नका. पत्रातून मुलाच्या तोंडात डोकावता येत नाही.

प्रश्न : मुलाला पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरकडे कधी न्यावं? शाळेत घातल्यावर नेलं तर चालेल का?

पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत. शाळेची वाट पाहू नका.

प्रश्न : वरचा दात काढला की डोळे अधू होतात, असं सासूबाई म्हणतात. मुलाचा वरचा दात काढायला सांगितला आहे. काय करू?

डोळे अधू होत नाहीत. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. दात काढायलाच हवा का, हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. पूर्ण किडलेला वाटणारा दुधाचा दातही पुष्कळदा वाचतो.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे. दोन दिवस १०२ ताप आणि जुलाब. दात येत असल्यामुळे होतंय, असं सगळे म्हणतात. हिरडीला लावायची जेल आणली आहे. लावू का?

जेल बाजूला ठेवा आणि आजच बालरोगतज्ज्ञांकडे जा. दात येताना लाळ गळते, हिरडी शिवशिवते, बाळ किरकिर करतं, अंग जरासं कोमट लागतं. १०२ ताप आणि जुलाब हे दातांमुळे होत नाही. या वयात बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, जंतू तिथून जातात. दात त्याच सुमारास येतात, म्हणून आळ दातांवर येतो. ‘दातांचे जुलाब’ म्हणून थांबून राहिल्यामुळे बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतं, ही खरी भीती आहे.

हिरडी बधिर करणाऱ्या ज्या जेलमध्ये बेन्झोकेन असतं, ती दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद क्वचित, पण धोकादायक रीतीने घटते. त्याऐवजी स्वच्छ ओला रुमाल फ्रीजमध्ये गार करून चावायला द्या. गळ्यात मण्यांची माळ नको, गाजराचा तुकडाही नको. दोन्ही घशात अडकतं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या हिरडीला मध लावू नका, घुटीतही घालू नका.

प्रश्न : मुलगा दीड वर्षाचा. वरचे पुढचे चारही दात तपकिरी झालेत, खालचे मात्र पांढरेशुभ्र आहेत. दुधात साखर अगदी चिमूटभरच घालतो. ही टॉनिकची उष्णता असेल का?

उष्णता नाही, रात्रीची बाटली. वरचे चार किडलेले आणि खालचे शाबूत, ही तिची ओळखीची खूण. चोखताना जीभ खालच्या दातांवर पसरते, ते झाकले जातात. वरचे दुधात भिजत राहतात. झोपेत लाळ जवळजवळ आटते, त्यामुळे धुऊन काढायलाही कोणी नसतं. जिवाणू साखरेचं आम्ल करतात, आम्ल दात विरघळवतं. चिमूटभर साखर रात्रभर पुरते. गूळ, मध, खडीसाखर यांत जिवाणू भेदभाव करत नाहीत, तेव्हा ‘साखर नाही, गूळ घालतो’ हे समर्थन नको. बाटलीत घातलेल्या ‘शक्तिवर्धक’ पावडरीतही साखर असते. डब्यावरचा मजकूर एकदा वाचा.

कीड तपकिरी होण्याआधी हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते. महिन्यातून एकदा उजेडात वरचा ओठ उचलून ती शोधायची. त्या टप्प्यावर ड्रिल न लावता, फ्लोराइडचा लेप आणि सवयी बदलून कीड थांबते. तुमच्याकडे तो टप्पा गेला आहे, म्हणून याच आठवड्यात दाखवा.

बाटली एका रात्रीत हिसकावू नका. दुधात दर दोन-तीन रात्रींनी पाणी वाढवत न्या, शेवटी नुसतं पाणी. साखर आजपासून बंद. दूध झोपण्यापूर्वी, मग ब्रश, मग काही नाही. अंगावर पिणाऱ्या बाळांचं वेगळं: ते लगेच तोडा असं मी म्हणणार नाही. पण दात आल्यावर रात्रभर तोंडात राहत असेल तर डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची आहे. खालच्या शेवटच्या दाढेत काळा खड्डा आहे. दुखत नाही. दुधाची दाढ आहे, पडणारच, मग खर्च कशाला?

या एका प्रश्नासाठी हे सदर लिहावं लागतं.

ती दुधाची दाढ नसण्याचीच शक्यता जास्त. सहाव्या-सातव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे चार कायमच्या दाढा येतात, वर दोन, खाली दोन. त्या येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून घरात कोणाच्या लक्षातच येत नाही. पुढचे दात हलतात, पडतात, त्याचं कौतुक होतं. मागे आयुष्यभराची दाढ गुपचूप आलेली असते आणि तिलाच ‘पडणारच आहे’ म्हणून कुजू दिलं जातं. आज रात्री मोजा: जबड्याच्या मधल्या रेषेपासून मागे एक, दोन, तीन, चार, पाच. दुधाचे इथे संपतात. सहावा असेल तर तो कायमचा.

ही दाढ लवकर किडते याला कारणं आहेत. पूर्ण वर यायला तिला कित्येक महिने लागतात. तोवर ती शेजारणीपेक्षा बुटकी असते, सरळ फिरवलेला ब्रश वरून निघून जातो. तिच्या खाचा खोल आणि ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद. नव्या दाताचं कवचही अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. म्हणून या काळात ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून ती दाढ वेगळी घासायची, आणि हे काम आई-बाबांचं.

खड्डा नसेल तर सीलंट. दाढ कोरडी करून, आम्लाची जेल लावून धुऊन, खाचांत पातळ रेझिन (प्लास्टिकसारखं द्रव्य) सोडतात आणि निळ्या प्रकाशाने कडक करतात. सुई नाही, ड्रिल नाही, काही मिनिटांचं काम. लाळ लागली तर ते टिकत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायचं. लहानसा खड्डा असेल तर सिमेंट भरून भागतं. पण दुखेपर्यंत थांबलात तर आठ वर्षांच्या मुलीच्या दाढेचं मुळाचं टोक अजून उघडं असतं (दात आल्यावर ते बंद व्हायला साधारण तीन वर्षं लागतात), मोठ्यांसारखं रूट कॅनल तिथे करता येत नाही. काम लांबतं, खर्च वाढतो. काढून टाकली तर मागची दाढ कलते, समोरच्या जबड्यातली लांब होते.

काही मुलांत ही दाढ उगवतानाच पिवळट-तपकिरी, खडूसारखी असते. गार पाणी लागलं तरी ती कळवळतात. ती घासण्यातली कसूर नव्हे, कवच तयार होतानाच कच्चं राहिलेलं असतं. तिथे घाई आणखी हवी.

आणि समजा मोजल्यावर ती पाचवीच निघाली? तरी सोडायची नाही. दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षी पडतात. तुमची मुलगी सातची आहे, म्हणजे आणखी तीन ते पाच वर्षं तिला त्यावर भाकरी चावायची आहे. दुधाच्या दाताचं कवच पातळ, आतली नस मोठी. छोटा दिसणारा खड्डाही आतल्या नसेला लवकर जाऊन भिडतो. पाचवी अकाली गेली की मागची सहावी पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा बळकावते. मग तेराव्या वर्षी तारा लावताना पालक म्हणतात, दात वाकडे कसे आले कोण जाणे. वाचवता येत असेल तर वाचवा: नसेचा किडका भाग काढून वर स्टीलची टोपी बसवतात. काढावीच लागली तर जागा राखणारी तार बसेल का, हे त्याच दिवशी विचारा.

प्रश्न : पेस्ट किती वापरायची? ट्यूबच्या टोकाला हिरवी पट्टी म्हणजे नैसर्गिक आणि काळी म्हणजे केमिकल, हे खरं का?

खोटं. त्या पट्ट्या कारखान्यातल्या यंत्राला ट्यूब कुठे कापायची ते कळण्यासाठी असतात.

वाचायचा तो पीपीएमचा आकडा, म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत फ्लोराइडचे किती भाग. फ्लोराइड असेल तर तो ट्यूबवर छापणं बंधनकारक आहे, आणि आपल्याकडे कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे. कार्टूनच्या चित्राच्या बऱ्याच ट्यूबांत तो निम्मा असतो किंवा शून्य, किंमत मात्र दुप्पट. तीन वर्षांपर्यंत १००० पीपीएमची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी. जाहिरातीतला नागमोडी पट्टा पेस्ट खपवण्यासाठी आहे. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. स्ट्रॉबेरीच्या चवीची पेस्ट मुलं खातात. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी फिरवायचा.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे आधी पाणी तपासा आणि पेस्टबाबत स्थानिक डॉक्टरांचं ऐका. कोळशाची पेस्ट आणि खरखरीत मंजन नको. मशेरी तर मुलाच्या बोटाला लागूच देऊ नका. तो तंबाखू आहे.

प्रश्न : गाल सुजला होता, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, सूज उतरली. आता ठीक आहे ना?

नाही. पू तिथेच आहे, फक्त शांत झाला आहे. दाताचं काम करून घ्या, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी जपून ठेवू नका. बाहेरून शेकू नका, हिरडीवर लवंगेचं तेल ओतू नका. तेलाने कातडी भाजते. ताप, तोंड न उघडणं, गिळायला त्रास किंवा डोळ्यापर्यंत चढलेली सूज असेल तर त्याच रात्री रुग्णालय.

प्रश्न : चार वर्षांचा मुलगा खुर्ची पाहूनच किंचाळतो. मागच्या वेळी तसंच परत यावं लागलं. त्याला कसं तयार करायचं?

आधी घरातली धमकी बंद करा: ‘मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील.’ वर्षभर हे ऐकलेल्या मुलाने किंचाळू नये तर काय करावं? ‘अजिबात दुखणार नाही’ हेही म्हणू नका. दुखणं हा शब्द मुलाला तुमच्याकडूनच मिळतो, आणि थोडं जरी टोचलं तरी पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास राहत नाही. ‘डॉक्टर दात मोजतील’, एवढंच सांगा आणि तितकंच खरं ठरेल अशी पहिली भेट मागा.

वेळ सकाळची घ्या, झोप झालेली, थोडं खाल्लेलं. चार दिवस आधी घरी खेळ खेळा: आडवं झोपून तोंड उघडायचं, तुम्ही चमच्याच्या मागच्या बाजूने दात मोजायचे, मग त्याने बाहुलीचे. दवाखान्यात मुलासोबत एकच मोठं माणूस, आणि बोलायचं डॉक्टरांनी. तिघं एकदम ‘आ कर, आ कर’ म्हणतात तेव्हा मूल कोणाचंच ऐकत नाही. डॉक्टर आधी सांगतात, मग हत्यार दाखवून नखावर फिरवतात, मग तोंडात घालतात. यात घाई करायला लावू नका. ‘डावा हात वर केला की थांबायचं’ ही खूण ठरवून घ्या आणि ती पाळली जाते का बघा. तीन वर्षांखालचं मूल खुर्चीत नको: तुम्ही आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून बसता, मुलाचं डोकं डॉक्टरांच्या मांडीवर, पाय तुमच्या कमरेला.

सुई द्यायचीच असेल तर आधी हिरडीवर बधिर करणारी जेल एक-दोन मिनिटं राहू द्यायची असते. घरी गेल्यावर दोन-तीन तास ओठ बधिर असतो. मूल गंमत म्हणून तो चावतं आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून फाटलेला दिसतो. बधिरपणा उतरेपर्यंत लक्ष ठेवा, चावायचं काही देऊ नका.

एवढं करूनही जमलं नाही तर नाकावाटे नायट्रस ऑक्साइड (मुलाला शांत करणारा वायू) देऊन काम करता येतं. मूल जागं असतं, काही मिनिटांत उतरतं. त्यापुढे पूर्ण भूल. ‘झोपेत वेदनारहित दात’ अशी पाटी पाहून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: भूलतज्ज्ञ स्वतः हजर असणार का, काम रुग्णालयात आहे का, उपाशी किती तास ठेवायचं. उत्तर गुळमुळीत आलं तर उठा. बालदंतरोगात एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेले डॉक्टर जवळ नसतील तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा गोव्यात बांबोळीला हा विभाग आहे.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाचा वरचा पुढचा दात खेळताना मुळासकट निघाला तर काय करायचं?

दात शोधा, वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मुळाला बोट लावू नका. माती असेल तर दुधाने किंवा वाहत्या गार पाण्याने काही सेकंद धुवा, घासू नका. जमलं तर लगेच त्याच खोबणीत सरळ बसवा, स्वच्छ रुमाल चावायला द्या आणि निघा. जमलं नाही तर कपभर गार दुधात टाकून न्या, कागदात गुंडाळून नाही, पाण्यात नाही. मुळावरच्या पेशी कोरड्या हवेत तासाभरात मरतात. अर्ध्या तासात पोहोचलात तर उत्तम. धनुर्वाताच्या लसीचं कार्ड सोबत घ्या.

दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या तयार होणाऱ्या दाताला इजा होते. तोही डॉक्टरांकडे न्या. दात सापडलाच नाही तर तसं आवर्जून सांगा: तो गिळला गेला, श्वासनलिकेत गेला की हिरडीत आत रुतला, हे एक्स-रे काढून बघावं लागतं.