घरबसल्या ऑनलाइन मतदान सुरक्षितपणे होऊ शकतं का?

युरोपातल्या एस्टोनिया या देशात २००५ पासून होतंय. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत तर निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली. सरकारी ओळखपत्राची चिप आणि दोन पिन लागतात: एक ओळख पटवायला, दुसरा डिजिटल सहीला. खरी गंमत पुढे आहे. घरात कुणी डोक्यावर बसून मत द्यायला लावलं, तर मुदतीत पुन्हा मत देता येतं. शेवटचं तेवढं धरतात. केंद्रावर जाऊन कागदी मत दिलं की ऑनलाइनचं रद्द. पण मतदाराचा कॉम्प्युटरच व्हायरसने पोखरलेला असेल तर? म्हणून मत नीट पोचलं का, ते मोबाइलवर तपासता येतं. धोका मात्र पूर्ण जात नाही.

आपल्याकडे सरसकट नकोच, असं माझं मत. परदेशस्थ भारतीय मतदारांपासून सुरुवात करावी. त्यांना अजून मतासाठी गावी यावं लागतं.