जनुकगट तपासण्याआधी नमुने तपासा

दारूच्या व्यसनामागे कोणते जनुकगट, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या जनुकांचे संच, आहेत हे शोधायला नागपुरात नमुने गोळा करताना तुलनेच्या गटात कधीच दारू न चाखलेले लोक भरू नका. शेजारच्या वर्ध्यात तर दारूबंदीच आहे. न पिणाऱ्याचा आनुवंशिक धोका दिसणार कसा? पिऊनही व्यसन न लागलेले हवेत. गोंड, हलबा, कुणबी असे समाज दोन्ही गटांत सारख्या प्रमाणात ठेवा, नाहीतर समाजांतला जनुकीय फरक व्यसनाचा वाटतो.

मग खरी गोम. शरीरात दारूचं विघटन करणाऱ्या एडीएच कुटुंबाची सातही जनुकं चौथ्या गुणसूत्रावर लागून आहेत, वारशात बरीचशी एकत्र येतात. त्यातल्या एकट्या एडीएच१बी जनुकाचा परिणाम शेजाऱ्यांत पसरतो आणि अख्खा गट लक्षणीय भासतो. म्हणून मॅग्मा (जनुकगट तपासणारं सॉफ्टवेअर) चालवताना कोणती जनुकं एकत्र वारशात येतात याचा संदर्भ दक्षिण आशियाई लोकांचाच घ्या, युरोपीय नको. एडीएच जनुकांचा तो पट्टा वगळून विश्लेषण पुन्हा करा. १०० गट तपासलेत तर निकाल लक्षणीय मानायचा उंबरठा (पी-मूल्य) ०.०५ नाही, ०.०५ भागिले १०० म्हणजे ०.०००५.