बँक बुडते म्हणजे पाण्यात जाते का?

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. शाळेने ‘इतिहासातील एक आर्थिक संकट’ हा प्रकल्प दिला, तेव्हा त्याने १९२९च्या अमेरिकी मंदीवरची चार पाने संगणकावरून उतरवून काढली आणि मग मलाच विचारले, “आई, बँक बुडते म्हणजे पाण्यात जाते का?” वाचन-लेखनातून त्याला हा विषय खरोखर कळावा, यासाठी काय करावे? – एक वाचक, दादर

उत्तर : चिरंजीवांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, कारण आपल्या मुंबईत एकदा पैसा जवळजवळ पाण्यातच गेला होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. हाती आलेला पैसा समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्यांकडे वळला व त्यांच्या शेअरवर वायद्याचा, म्हणजे सौदा आज आणि पैसे पुढच्या ठरल्या तारखेला अशा बोलीचा, सट्टा रंगला. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, कापूस उतरला आणि १ जुलैला वायदे चुकते करायची वेळ आली तेव्हा अनेकांजवळ द्यायला काहीच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा २८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांवर आला. हा भागाकार मुलालाच करू द्यावा. रुपयामागे अर्धा आणाही उरत नाही.

मात्र हा शेवट त्याला आधी सांगू नये. शेवट ठाऊक असलेले मूल ‘लोभ वाईट असतो’ एवढे लिहून मोकळे होते. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली, म्हणजे ऐन तेजीत निघाले. पुढची पडझड माहीत नसलेल्या माणसाने पाहिलेले हे शहर आहे. त्यातील व्यापाराविषयीची दोन-तीन पानेच मोठ्याने वाचावीत. जुनी भाषा अडेल तिथे थांबावे.

मग त्याला काळबादेवीच्या एखाद्या पेढीवरचा कारकून करावे आणि एप्रिल १८६५च्या मध्यावर गावाकडच्या भावाला पत्र लिहायला सांगावे. ली शरण आलेला आहे, पण अटलांटिकपार तारेची नियमित सोय १८६६ मध्ये झाली, त्यामुळे कारकुनाला त्याचा पत्ता नाही. शेअर कोणाच्या पैशाने घेतले, नफ्यातून काय करणार, हे पत्रात यायलाच हवे. माझ्या भाचीने लिहिले होते, “आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या आहेत, दिवाळीला सोडवतो.” त्यानंतर तिला १ जुलैची हकिगत वाचून दाखवली आणि दुसरे पत्र लिहायला सांगितले. बराच वेळ पेन्सिल चावून तिने विचारले, “पाटल्यांचे लिहायलाच हवे का?” त्या दिवशी मी शुद्धलेखन तपासले नाही.

१९२९ची ती चार पाने मात्र टाकून देऊ नयेत. दोन्ही पत्रे झाल्यावर ती पुन्हा वाचायला द्यावीत आणि उसन्या पैशाने शेअर घेतल्याचा उल्लेख जिथे भेटेल, तिथे त्याला रेघ मारू द्यावी.