रिफ्लेक्शन रिपोर्ट लिहायला बसण्याआधी

अरे, प्रोजेक्टच्या रिफ्लेक्शन रिपोर्टमध्ये (मागे वळून बघत कामातून काय शिकलो ते लिहितो त्यात) ‘टीमवर्क शिकलो, संवादकौशल्य वाढलं’ असलं काही लिहू नकोस. एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) ते वाचून कंटाळलेले असतात. एकच प्रसंग धर. मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांनी कोडच्या एकाच भागात केलेले बदल एकमेकांशी न जुळणं) आला तेव्हा कुणी कुणाला काय सांगितलं नव्हतं, आणि पुढे तुम्ही काय बदललंत? गिटचा लॉग (कोडमध्ये कुणी कधी काय बदललं त्याची नोंद) नि ग्रुपवरचे जुने मेसेज उघडून बघ, कारण आठवण हमखास आपलीच बाजू घेते. ग्रॅहम गिब्ज यांच्या १९८८च्या रिफ्लेक्शनच्या चक्रात सहा पायऱ्या आहेत: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. बहुतेकांची पानं वर्णनातच संपतात (आणि भावना तर कुणी लिहीतच नाही). विश्लेषणाला जागा ठेव. व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) आधी मसुदा टीममधल्या सगळ्यांना वाचायला दे, ज्याच्याशी भांडण झालं असेल त्यालाही.