शिरोरेषा थरथरते तेव्हा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, मुलुंड पूर्वेला राहतो. आम्हा दोघांना नाटकांचं वेड. गेल्या २० वर्षांत नाटकांच्या आणि चित्रपटांच्या २४० डिस्क जमल्या आहेत, त्यात ६० एक व्हीसीडी आणि बाकी डीव्हीडी. बरीच नाटकं कालिदास नाट्यगृहाबाहेरच्या टेबलावरून घेतलेली. दिवाळीत मुलाने ५५ इंची फोर-के टीव्ही आणला आणि जुना डीव्हीडी प्लेअर लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरने त्याला जोडून दिला. चित्रपट पुसट दिसतात, पण चालतात. नाटकं मात्र बघवत नाहीत. पात्र हललं की त्याच्या कडेला कंगव्यासारखे दात येतात, सुरुवातीची नावं थरथरतात. आवाजासाठी २००९ सालचा पाच स्पीकर आणि सबवूफरचा संच आहे. त्याचा रिसीव्हर अर्थातच फोर-के नाही. दुकानदार म्हणतो, 'फोर-के अपस्केलिंगवाला प्लेअर घ्या, तुमची डीव्हीडी फोर-के होईल.' खरंच होते का? आणि घ्यायचा तर कोणता घ्यावा?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : होत नाही. दुकानदाराचं हे वाक्य मी इतक्या जणांच्या पत्रांत वाचलंय की आधी त्याचाच हिशेब मांडते. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र असतं ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे ४,१४,७२०. तुमच्या टीव्हीच्या पडद्यावर ठिपके आहेत ३८४० बाय २१६०, म्हणजे ८२,९४,४००. बरोबर वीसपट. डिस्कवरचा एक ठिपका खरा आणि बाकीचे १९ शेजारपाजारचे ठिपके बघून अंदाजाने भरलेले, यालाच अपस्केलिंग म्हणतात. हे काम तुमचा टीव्ही आजही करतोच आहे. केलं नसतं तर चित्र पडद्याच्या मधोमध एका छोट्या चौकोनात दिसलं असतं. त्यामुळे अपस्केलिंग हवं की नको हा प्रश्नच नाही. ते टीव्हीने करायचं की प्लेअरने, आणि दोघांत कुणाचा हात चांगला, एवढंच ठरवायचं आहे.

पण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट वेगळीच आहे. चित्रपट चालतात आणि नाटकं बघवत नाहीत, हे तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत म्हणून मला निदान करता आलं. चित्रपट फिल्मवर घेतलेला असतो, सेकंदाला २४ चित्रं. डीव्हीडीवर प्रत्येक चित्र दोन भागांत ठेवतात : एका भागात १, ३, ५ अशा विषम ओळी, दुसऱ्यात सम ओळी. दोन्ही भाग एकाच क्षणाचे असतात, त्यामुळे ते एकमेकांत विणले की अख्खं चित्र मिळतं. नाटक मात्र व्हिडिओ कॅमेऱ्याने घेतलेलं. त्यात सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात आणि प्रत्येक अर्ध पुढच्या क्षणाचं असतं. विषम ओळी घेतल्या तेव्हा नायिकेचा हात एका जागी होता, सम ओळी घेतल्या तोवर तो पुढे गेला. हे दोन भाग तसेच विणले की हाताच्या कडेला दात दिसणारच.

आणि नावं का थरथरतात? आपल्या अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेषा असते, सरळ आडवी. बारीक टाइपात ती एकाच ओळीइतकी जाड भरते. ती विषम ओळीवर आली तर सम भागात ती नसतेच. एकदा आहे, एकदा नाही, असं सेकंदाला २५ वेळा. रोमन अक्षरांतल्या नावांना हा त्रास कमी, कारण सगळ्या शब्दावरून जाणारी आडवी रेघ त्यांना नाही. ही अर्धी चित्रं जोडण्याच्या कामाला डीइंटरलेसिंग म्हणतात. खोक्यावर ते कधी मोठ्या अक्षरात छापत नाहीत, पण तुमच्या नाटकांसाठी प्लेअर घ्यायचा तो याच कामासाठी.

हे मी पैसे मोजून शिकले. माझ्या वडिलांचं लॅमिंग्टन रोडवर टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, त्यांच्या हाताखाली मी वाढले. ते निवृत्त झाले तेव्हा हौसेने त्यांच्यासाठी एक महाग डीव्हीडी प्लेअर घेतला. खोक्यावर '१०८० पर्यंत अपस्केलिंग' असं ठळक लिहिलेलं. कंपनीचं नाव सांगत नाही, ते मॉडेल आता कुठे मिळणारही नाही. घरी नाटक लावलं. बाबा पाच मिनिटांत खुर्चीतून उठले, पडद्याशी गेले आणि नायिकेच्या नऊवारीच्या काठावर बोट ठेवून म्हणाले, 'हा काठ उकळतोय बघ.' खरंच, बारीक चौकड्यांचं लुगडं आणि त्याचा काठ सारखा सळसळत होता. दुसऱ्या दिवशी तीच डिस्क घेऊन मी शेजारच्या दुकानात गेले आणि चार वेगवेगळ्या प्लेअरमध्ये लावून पाहिली. काठ सगळ्यात शांत दिसला तो माझ्या प्लेअरच्या निम्म्या किमतीच्या यंत्रावर. तेव्हापासून डिस्क हातात घेतल्याशिवाय मी कुणासाठीही प्लेअर निवडलेला नाही.

आता तुमच्या घरी काय करायचं. पिवळी वायर आधी काढा. तिच्यातून चित्राचा उजेड आणि रंग एकत्र मिसळून जातात, म्हणून लाल-निळ्या कडांवर रंग रांगताना दिसतात. शिवाय त्या वायरीतून अर्धी अर्धी चित्रंच जातात, म्हणजे ती जुळवण्याच्या कामात सध्या बहुधा टीव्हीच चुकतोय आणि म्हणून दात दिसतात. जुन्या प्लेअरच्या पाठीमागे एचडीएमआयचं भोक आहे का पाहा. असलं तर साधी एचडीएमआय केबल आणा आणि सेटअप मेन्यूत ५७६पी, म्हणजे ५७६ ओळींचं जुळवलेलं अख्खं चित्र, निवडा. आता डीइंटरलेसिंग प्लेअर करेल आणि ठिपके वाढवण्याचं काम टीव्ही. मग तोच प्रवेश १०८० वर लावून बघा. जे डोळ्याला बरं वाटेल ते ठेवा. मेन्यूत ऑटो, फिल्म, व्हिडिओ असे पर्याय असतील तर नाटकासाठी व्हिडिओ. टीव्हीतला शार्पनेस खूप खाली आणा. त्याने तपशील वाढत नाही, फक्त कडांना पांढरी किनार येते. आणि नाटकाची डिस्क ४:३ ची, म्हणजे जुन्या टीव्हीच्या आकाराची, असेल तर दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. ताणून पडदा भरला की माणसं बुटकी दिसतात, कलावंतांवर तो अन्यायच.

प्लेअरला एचडीएमआय नसेल, किंवा एवढं करूनही दात राहिले, तर नवा घ्या. फक्त डीव्हीडीच बघायच्या असतील तर साधा फुल एचडी ब्ल्यू-रे प्लेअर पुरतो. फोर-केवाला तेव्हाच, जेव्हा फोर-के डिस्क विकत घेणार असाल. याला कारण आहे. सोफा टीव्हीपासून ९ फुटांवर आहे असं धरू, मुंबईच्या हॉलमध्ये बहुधा तेवढाच असतो. तिथून निरोगी डोळ्याला साधारण ०.८ मिलिमीटरपेक्षा बारीक ठिपका वेगळा ओळखता येत नाही. ५५ इंची पडद्यावर फुल एचडीचा ठिपका ०.६३ मिलिमीटरचा पडतो, म्हणजे तोच डोळ्याच्या मर्यादेखाली गेला. फोर-केचा तर त्याच्या निम्मा. डीव्हीडीची ओळ मात्र पडते १.१९ मिलिमीटर, आणि ती तुम्हाला दिसते. म्हणून ती ओळ नीट जुळवणारं यंत्र हवं; खोक्यावरचा आकडा वाढून तुमच्या डोळ्याला काही मिळणार नाही.

बाजारात पर्याय आता मोजके आहेत. या कामात नाव असलेल्या ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये. राहिले मुख्यतः सोनी आणि पॅनासोनिक. फोर-केवालाच घेणार असाल तर सोनीचा यूबीपी-एक्स७०० आणि पॅनासोनिकचा डीपी-यूबी८२० बघा. या दोन्हींच्या पाठीमागे एचडीएमआयची दोन भोकं आहेत, आणि तुमच्यासारख्या घरात त्यांचा फार उपयोग. एका केबलने चित्र थेट टीव्हीला द्यायचं, दुसरीने फक्त आवाज जुन्या रिसीव्हरला. रिसीव्हर फोर-के नसल्याने काही बिघडत नाही. रिसीव्हरला एचडीएमआय नसेलच तर डिजिटल आवाजाची वायर चालते, पॅनासोनिकला ऑप्टिकल आणि सोनीला कोअॅक्शियल; डीव्हीडीचा डॉल्बी आणि डीटीएस आवाज तिच्यातून पूर्ण जातो. एवढ्यासाठी चांगला चालणारा रिसीव्हर भंगारात काढू नका.

दुकानात जाताना दोन डिस्क पिशवीत टाका. एक सगळ्यात वाईट दिसणारं नाटक आणि एक व्हीसीडी. नाटकातली नावं वर सरकताना बघा, मग कुणीतरी रंगमंच ओलांडून चालत जातं तो प्रवेश, मग चौकडीची साडी किंवा उभ्या रेघांचा सदरा. पॉज करून निवाडा करू नका, थांबलेलं चित्र प्रत्येक प्लेअरवर बरं दिसतं. सोफ्याइतक्या अंतरावर उभे राहा. व्हीसीडी एवढ्यासाठी की सगळेच ब्ल्यू-रे प्लेअर ती वाजवतात असं नाही. तुमच्याकडे ६० आहेत, तेव्हा नवा प्लेअर ती वाजवत नसेल तर जुना टाकू नका, दोन्ही ठेवा. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ चं. तिला दात येत नाहीत, पण मऊपणा राहणार, तो कुठल्याही यंत्राने जायचा नाही. आणि एखाद्या नाटकाच्या डिस्कवर दात मुळातच उमटलेले असतील, म्हणजे ती तयार करतानाच चूक झाली असेल, तर तिथेही इलाज नाही. तीन प्लेअरवर दात सारखेच दिसले की तसं समजावं.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते. ती येताना तिथून ब्ल्यू-रे प्लेअर आणते म्हणतेय, सोबत काही डिस्कही. आणू द्यावा का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : डिस्क आणू द्या, पण निवडून. प्लेअर नको. डिस्क आणि प्लेअरसाठी जगाचे विभाग पाडलेत, एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही. डीव्हीडीसाठी अमेरिका विभाग १ मध्ये आहे आणि आपण ५ मध्ये. ब्ल्यू-रेसाठी अमेरिका ए, आपण सी. तिकडचा प्लेअर तुमच्या विभाग ५ च्या डीव्हीडी नाकारेल, आणि पाल पद्धतीच्या डिस्क तिकडच्या बऱ्याच प्लेअरना लागत नाहीत. तिच्या डिस्कना इकडच्या प्लेअरवर विभागाची हीच अडचण उलट बाजूने येईल. फोर-के ब्ल्यू-रेला मात्र विभागाची भानगडच नाही, त्या कुठूनही आणल्या तरी फोर-के प्लेअरवर चालतात. तेव्हा तिला सांगा, फोर-के डिस्क आण, नाहीतर ज्यांच्या पाठीवर सगळे विभाग छापलेत त्या. प्लेअर आलाच असेल तर सॉकेटमध्ये घालण्याआधी मागची पट्टी वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं नसेल आणि फक्त १२० असेल, तर आपल्या २३० वर तो जळेल.

प्रश्न : पावसाळ्यात डिस्कवर पांढुरके डाग येतात आणि त्या अडकतात. फेकून द्याव्यात का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : अजिबात नाही. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस, गाण्यांच्या आणि चित्रपटांच्या डिस्कचं ते जुनं दुकान, २०१६ मध्ये बंद झालं, आणि नाटकाची ती जुनी डिस्क आता दुसरी मिळेल याची खात्री कुणी देणार नाही. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाका, बोटाने हलकं चोळा, साध्या पाण्याने धुवा आणि मऊ सुती कापडाने पुसा. पुसताना मधल्या भोकाकडून बाहेरच्या कडेकडे सरळ जा, गोल फिरवू नका. माहिती गोल ओळींत लिहिलेली असते. आडवा गेलेला ओरखडा प्रत्येक ओळीतला थोडासाच भाग खातो, तो प्लेअर सावरून घेतो. ओळीच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग मजकूर खातो. वाळल्यावर डिस्क आपापल्या डबीत उभी ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि ते कपाट समुद्राकडच्या भिंतीला लागून असेल तर जूनच्या आधी ते हलवा.